कुसुमताईंचा एक तास

हिंगोलीत पब्लिसिटीचा धंदा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा, उद्घाटनाची फीत, पेपरातली बातमी आणि फ्लेक्सवर फोटो बारीक आला म्हणून रुसलेला मेव्हणा, हे सगळं त्यात येतं. कुसुमताई खिल्लारे हा धंदा करायच्या. त्यांच्या फर्मचं नाव ‘हाळी जनसंपर्क’. ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. जिना असा, की वर जाताना भले भले वाकायचे, कारण नाही वाकलं तर स्लॅब कपाळाला लागायचा.

मी तिथं सात वर्षं बातम्या लिहिल्या. त्याआधी एका पेपरचा कळमनुरीचा वार्ताहर होतो. पेपरनं तालुक्याची ऑफिसं गुंडाळली आणि चाळिशीला टेकलेला मी बायकोपुढं रोज सकाळी नवं तोंड करून बसायला लागलो. ताईंनी बोलावलं. मी कात्रणांचं हे एवढं बाड घेऊन गेलो. त्यांनी ते न उघडता बाजूला ठेवलं आणि विचारलं, “तुमाला गप बसता येतं का?”

मला वाटलं, टोमणा मारला. नंतर कळलं, नोकरीची अटच ती होती.

ताईंचं असं होतं, की वर्षाचं काम देणाऱ्या गिऱ्हाइकानं वर्षातून एकदा गावासाठी काहीतरी करायचंच. आणि काय करायचं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं नाही. ज्यांना द्यायचं त्यांच्यात आधी आम्ही जाऊन एक तास बसायचं. कॅमेरा नाही, वही नाही, भाषण तर नाहीच नाही. नुसतं बसायचं आणि बोलतील ते ऐकायचं. याला ऑफिसात ‘तास’ म्हणत. कुठलीही बातमी लिहायला घेतली की ताईंचा पहिला प्रश्न, “तास झाला का?” आणि कोणी घाई केली की ठरलेलं वाक्य, “आधी बूड टेकवा, मंग लेखणी.”

ताई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अर्धा जिल्हा त्यांना आवाजावरून ओळखायचा. फोन उचलला की “हॅलो” नाही, “बोला, ऐकून राहिले” म्हणायच्या, आणि खरंच ऐकायच्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी “बराबर?” असायचं. समोरचा कितीही मोठा असो, त्याची मान आपोआप हलायची. मी बँकेचे साहेबसुद्धा मान हलवताना पाहिलेत, आणि नंतर आपण कशाला हो म्हणालो ते आठवत बसलेले पाहिलेत. टेबलावर खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा कायम भरलेला. चिडलेलं गिऱ्हाईक आलं की डबा पुढं. “खा, मंग भांडा,” म्हणायच्या. तोंडात शेंगदाणे असताना ओरडता येत नाही, हा त्यांचा शोध होता.

भिंतीवर बंदी घातलेल्या शब्दांची यादी होती. दानशूर, दिलदार, आशास्थान, युवा हृदयसम्राट. यातला एक शब्द लिहिला की चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात मी एवढे चहा पाजले की खालचा चहावाला मला नमस्कार करायला लागला.

बियाणांच्या दुकानाचे एक मालक होते. त्यांना वाढदिवसाला दवाखान्यात फळं वाटायची होती. एक केळं, त्याला सहा हात, मागं पलंगावर बाळंतीण, असा फोटो त्यांच्या डोळ्यांपुढं तयार होता. ताई मला घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन बसल्या. बायका आधी पदर सावरून गप्प. मग एकीची सासू म्हणाली, “केळी नका आणू बाई. काल तिघांचे वाढदिवस व्हते. लेकराची दुपटी वाळू घालायला दोरी तेवढी बघा. इथं खिडकीच्या गजाला बांधून राहिलो आमी.”

ताईंनी मालकांना सांगितलं, अंगणात खांब रोवा, तार ओढा, चिमटे द्या. मालकांचा चेहरा उतरला. “ताई, तारेसोबत फोटो कसा काढू?”

“तारेखाली उभे राहा.”

राहिले बिचारे. डोक्यावर चाळीसएक लंगोट फडफडताहेत आणि खाली हे कडक इस्त्रीत. हसून हसून पुरेवाट झाली. पण गंमत बघा, पुढच्या हंगामात खेड्यातल्या बायका नवऱ्यांना सांगायला लागल्या, बी घ्यायचं तर त्या दोरीवाल्याकडून घ्या. मालक पेढे घेऊन आले. ताईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, “एक तार तुटली हाय. बघून घ्या.”

गिऱ्हाइकाला गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. एका नव्या कापड दुकानाचं काम येणार होतं. ताई आदल्या दिवशी जुनं लुगडं, झिजलेल्या चपला अशा तिथं गेल्या. दुकानातल्या पोरांनी त्यांना दारातल्या स्वस्त कपड्यांच्या ढिगाच्या पुढं जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगला त्याच चपला घालून गेल्या. मालक म्हणाले, “मॅडम, आमचा लोकांशी संपर्क वाढवून द्या.” ताई म्हणाल्या, “माझा काल झाला की तुमच्याशी संपर्क. तुमचा माणूस मला म्हणाला, मावशी, आतला माल तुमच्या कामाचा न्हाई.” मालकांच्या हातातला पेला हातातच राहिला. मी मनात म्हटलं, गेलं हे काम. पण काम मिळालं, आणि ते दुकान शेवटपर्यंत आमच्याकडं राहिलं. तिथं आज कुणीही आत गेलं तरी “या, बसा” म्हणतात. ते ताईंनी शिकवलेलं आहे.

आता माझ्या चुकीचं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक नंदूशेठ, हळदीचे व्यापारी. निम्मं ऑफिस त्यांच्या कामावर चालायचं. त्यांच्या साठीनिमित्त आखाडा बाळापूरच्या बाजूच्या खेड्यांतल्या दहा मुलींना सायकली द्यायचं ठरलं. नेमक्या त्याच वेळी ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला नांदेडला. सगळं माझ्यावर. शाळेच्या सरांनी दहा नावांची यादी दिली. शेठची घाई, मंडपवाल्याची घाई, आणि खरं सांगतो, माझा आळस. खेडी लांब, रस्ते खडबडीत. दवाखान्यातून ताईंचा फोन आला, “तास झाला का?”

“झाला,” म्हणालो.

सात वर्षांत तेवढं एकच खोटं बोललो त्यांच्याशी. पण काय वेळ साधली!

कार्यक्रम झोकात झाला. मी बातमी लिहिली, ‘निराधार मुलींना सायकलींचे वाटप’. सायकल म्हटलं की गरजू, गरजू म्हटलं की निराधार. वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्याचा हात डोक्याला न विचारता चालतो. फोटोत सगळ्यात पुढं दहावीतली संजीवनी पतंगे, खाली तिचं नाव. यादीत तिच्या नावापुढं ‘वडील घरी नसतात’ असं होतं. मी तेवढ्यावर त्या माणसाला मारून टाकलं.

तिचे वडील ज्ञानोबा पतंगे बोअरवेलच्या गाडीवर होते. वर्षातले आठ-नऊ महिने कर्नाटकात, आंध्रात, जिथं भोक पाडायचं तिथं. बातमी फोनवर फिरत फिरत त्यांच्या गाडीवर पोचली. बरोबरची माणसं म्हणाली, “ज्ञानोबा, तेराव्याचं जेवण कवा हाय?” ते त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

ऑपरेशननंतर ताईंचा ऑफिसातला पहिलाच दिवस होता. काठी टेकत, एकेक पायरी चढत त्या वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि तेवढ्यात जिन्यात धडधड झाली. एक उंच, काळासावळा माणूस खांद्यावर नवीकोरी सायकल घेऊन वर आला. वाकून. ती त्यानं दोन टेबलांच्या मध्ये ठेवली.

“ही घ्या. मी जिता हाय. मेल्यावर आणून द्या.”

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं. ताईंनी डबा पुढं केला. ज्ञानोबांनी हात लावला नाही.

“पोरगी आठ दिवसापासून शाळंत न्हाई,” ते म्हणाले. “वर्गातली लेकरं इचारून राहिलेत, तुझा बाप कवा गेला. तिला आता पाठवत नसतो मी. आजोळाकडून सोयरीक आली हाय, ती बघतो. तुमची बातमी तुमाला मुबारक.”

आणि गेले. दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती.

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “तास झाला व्हता म्हणाला तुमी.”

“न्हाई झाला, ताई.”

मला वाटलं, आता काढतात माझी सालटी. काढली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “त्या पोरीची शाळा आपल्या बातमीनं बंद पडली. ती सुरू होईस्तोवर या ऑफिसात दुसरं काम न्हाई. बराबर?” मी मान हलवली. त्यांनी मला उठून भिंतीवरच्या यादीत ‘निराधार’ हा शब्द वाढवायला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मजकूर लिहिला. फर्म काढल्यापासून स्वतःच्या नावानं त्यांनी कधी काही छापलं नव्हतं. ‘श्री. ज्ञानोबा पतंगे हे हयात असून स्वतःच्या कमाईवर मुलीला शिकवत आहेत. आमच्या बातमीत त्यांच्या मुलीला निराधार म्हटले गेले, ते साफ खोटे होते. चूक आमच्या फर्मची आहे. आम्ही पतंगे कुटुंबाची जाहीर माफी मागतो.’ जाहिरातीच्या जागेत, चौकटीत, ठळक.

छापायच्या आधी हे नंदूशेठला सांगायला हवं, म्हणून त्यांना बोलावलं. शेठ जिन्यात डोकं आपटून घेऊनच वर आले, त्यात हा मजकूर वाचला.

“काय करून राहिल्या ताई तुमी? माझ्या साठीच्या कार्यक्रमाला डाग लावता? चार दिवसांनी लोक इसरतात.”

“लोक इसरतील. बाप इसरंल का?”

“सायकल तर मी चांगल्या मनानं दिली ना?”

“तुमचं मन चांगलंच हाय शेठ. तुमचं नाव बी न्हाई यात. चूक आमची हाय, आमीच सांगणार.”

“मंग माझं काम दुसरीकडं जाईल, सांगून ठेवतो.”

“ते तुमच्या हातात. हे माझ्या.”

शेठ गेले, काम गेलं. मी म्हटलं, “ताई, माझ्यापायी एवढं...” त्यांनी मला थांबवलं. “रडायचं तर नंतर रडा. गाडी सांगा. तास राहिलाय आपला.”

गुडघ्याला पट्टा, हातात काठी, अशा अवस्थेत त्या माझ्यासोबत त्या गावी गेल्या. पतंग्यांच्या घरापुढं पत्र्याची सपरी होती. ज्ञानोबा आम्हाला बघून आत निघून गेले. त्यांच्या बायकोनं खाट टाकली. ताई बसल्या. पाय सरळ ठेवावा लागायचा, तो पुढच्या दगडावर ठेवला. माफी छापून आलेला पेपर पिशवीत होता, तो काढलाच नाही. कोंबड्या येऊन जाऊन. दाराआड संजीवनी उभी, तिच्या हातात भूगोलाचं पुस्तक. मला कुठं बघावं कळेना.

पाऊणएक तासानं ज्ञानोबा बाहेर आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “छापलेलं वाचलं मी. आमच्या गाडीवाल्यांनी बी वाचलं. बरं केलं तुमी. पण मला एक सांगा, माझ्या पोरीला काय द्यायचं ते मला इचारायला काहून जमलं न्हाई कुणाला? शाळंत माझा फोन नंबर हाय की.”

“चुकलं,” ताई म्हणाल्या. “आता इचारते. काय पाहिजे?”

“सायकल तर न्हाईच. ही काळी माती बघा. जरा ओली झाली की पोरगी सायकलीवर न्हाई बसत, सायकल पोरीवर बसते.” आतून त्यांची बायको हसली, मग तेही थोडे हसले. पहिल्यांदाच. आणि मग माणूस बोलायला लागला. एसटीची गाडी सकाळी साडेदहाला फाट्यावर येते, शाळा भरते दहाला. म्हणून गावातल्या सहा पोरींना दीड कोस चालावं लागतं, त्यातल्या दोघींनी याच पायी शाळा सोडली. गाडी तासभर आधी आली तर सगळ्या जातील. “एवढंच हाय. पण आमचं कोण ऐकतं?”

“मी ऐकून राहिले ना,” ताई म्हणाल्या. “गाडीचं मी बघते. गाडी आली तर पाठवाल?”

“गाडी येऊ द्या. मंग बघू.”

त्यानंतर ताईंनी जो जनसंपर्क केला तो बघायला पाहिजे होता तुम्ही. काठी टेकत तीनदा एसटीच्या साहेबांकडं. सरपंचांचा अर्ज, शाळेचं पत्र, सहा पोरींच्या आयांच्या सह्या. साहेब भला माणूस होता. म्हणाला, वरून मंजुरी आणतो. ताई म्हणाल्या, “आणा. तोवर मी इथंच बसते. मला बसायची सवय हाय.” साहेबांनी हसत हसत समोरच फोन लावला.

वेळ बदलली त्या दिवशी आम्ही फाट्यावर उभे होतो. साडेनऊला गाडी आली. गावाकडून पोरी पळत आल्या, पाच. संजीवनी नव्हती. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. ताईंकडं बघवेना म्हणून मी रस्त्याकडं बघत होतो. ताई ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेल्या आणि त्याला गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगायला लागल्या. अगदी सुरुवातीपासून, कोणत्या वॉर्डात कितवा पलंग इथून. ड्रायव्हर बिचारा “व्हय मावशी, व्हय मावशी” करतोय. तेवढ्यात बांधावरून ज्ञानोबा येताना दिसले, पुढं ते, मागं दप्तर घेऊन पोरगी, दोघंही पळत. त्यांनी तिला गाडीत चढवलं. आमच्याकडं पाहून नुसती मान हलवली. गाडी गेली. ताई म्हणाल्या, “चला, निम्मा पलंग राहिला सांगायचा,” आणि मी रस्त्यातच हसता हसता रडलो.

याची बातमी आम्ही लिहिली नाही. नंदूशेठ परत आले नाहीत. ते वर्ष आम्ही काटकसरीत काढलं.

पुढच्या थंडीत ताई गेल्या. झोपेतच. फर्म मी वर्षभर ओढली आणि सोडून दिली, ते माझं काम नव्हतं. आजही कुणी बोलता बोलता “बराबर?” म्हणालं की मला गलबलून येतं. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या शेवटच्या दिवसांतल्या नाहीत, दहावीच्या निकालानंतरच्या दुपारच्या.

ज्ञानोबा, त्यांची बायको आणि संजीवनी, तिघं जिना चढून वर आले होते. ज्ञानोबांच्या अंगावर घडीचा पांढरा सदरा. संजीवनी पहिल्या श्रेणीत पास झाली होती आणि नांदेडला अकरावीला जाणार होती.

“बातमी टाकायची हाय,” ज्ञानोबा म्हणाले. “फोटोसकट. तिघांचा. गिऱ्हाईक म्हणून आलोय, जो रेट हाय तो सांगा.”

मी पटकन म्हणालो, “पतंगेभाऊ, रेट कसला? तुमच्याकडून काय घ्यायचं...” ताईंनी टेबलाखालून काठी माझ्या पायावर अशी हाणली की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

“जो सगळ्यांना हाय तोच,” त्या म्हणाल्या. “बसा. तुमी सांगा, मी लिहिते.”

मोठ्या गिऱ्हाइकाचा मजकूरच त्या स्वतः लिहून घ्यायच्या. चष्मा पुसला, कोरा कागद घेतला, पेन उघडलं. ज्ञानोबा खुर्चीत पुढं सरकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते एकेक वाक्य सांगत होते, ताई लिहीत होत्या आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

“संजीवनी ही कष्टकरी वडील श्री. ज्ञानोबा पतंगे...”

“थांबा ताई,” ज्ञानोबा म्हणाले. “कष्टकरी तुमी घातलं, ते नका लिहू.”

“मंग?”

त्यांनी एकदा लेकीकडं पाहिलं. “बोअरवेल ऑपरेटर लिहा.”

“चुकलं माझं,” ताई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द खोडला, वर ठळक अक्षरांत नवा लिहिला, आणि कागद त्यांच्यापुढं फिरवून धरला. “बघा आता. असंच पाहिजे ना?”